माजी सैनिकांचा हॉल, रविवारचा जॅझ आणि एक राहून गेलेलं नाव

इथे अमेरिकेत गावोगावी माजी सैनिकांच्या संघटनेचा हॉल असतो, अमेरिकन लीजनचा नाहीतर व्हीएफडब्ल्यूचा (परदेशी युद्धांत लढलेल्यांची संघटना). बाहेर झेंडा, आत लाकडी फ्लोअर, स्वस्त बार आणि रॅफलची, म्हणजे सोडतीची तिकिटं गळ्यात मारणाऱ्या आजीबाई. आमच्या जवळच्या अशा एका हॉलमध्ये अधूनमधून रविवारी दुपारी ट्रॅडिशनल जॅझ असतो. माझं स्पष्ट मत आहे की या संगीताला याहून चांगली जागा नाही. महागडं तिकीट काढून, अंधारात हाताची घडी घालून बसून ऐकायची ही चीजच नव्हे. कॉर्नेट (ट्रम्पेटचा धाकटा भाऊ) चाल धरून ठेवतो, क्लॅरिनेट वरून नक्षी काढतं, ट्रॉम्बोन खालून ढोसत राहतो, आणि हे सगळं एकाच वेळी, पुढ्यात कागद नसताना. मागे बँजो आणि ट्यूबा. पाय हलला नाही तर बँडचं चुकलं किंवा तुमचं.

कोपऱ्यात एक छोटं गोल टेबल कायम मांडलेलं असतं. पांढरं कापड, एक गुलाब, बशीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, पालथा ग्लास. युद्धकैदी झालेल्या, बेपत्ता झालेल्या सैनिकांसाठी. खुर्च्या कितीही कमी पडोत, त्या टेबलाची खुर्ची कोणी ओढत नाही.

इतकं जपणाऱ्या जागेत, दोन गाण्यांच्या मधे बँडलीडर इतिहास सांगतो तेव्हा जॅझचं जन्मगाव न्यू ऑर्लिन्स येतं, ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग येतो. जेम्स रीस युरोप (युरोप हे आडनाव), पहिल्या महायुद्धातला सैनिकी बँडमास्तर, येत नाही. हे मला खटकतं. या हॉलवर पहिला हक्क त्याचा.

पहिल्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीची ३६९वी पायदळ रेजिमेंट फ्रान्सला गेली. सगळे जवान कृष्णवर्णीय. अमेरिकन सैन्याने त्यांना आपल्या गोऱ्या तुकड्यांबरोबर लढू दिलं नाही, फ्रेंचांच्या हाताखाली दिलं. १९१ दिवस आघाडीवर. युरोप त्यांचा बँडमास्तर. क्लॅरिनेटवाले मिळवायला हा माणूस थेट पोर्तो रिकोला गेला होता. शिवाय मशिनगन कंपनीतला अधिकारी, खंदकात उतरला, विषारी वायू लागून इस्पितळात पडला. फ्रेंच गावांमध्ये त्याचा बँड वाजला तेव्हा तिथल्या लोकांनी असलं काही ऐकलंच नव्हतं. १७ फेब्रुवारी १९१९ला रेजिमेंट न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरून वाजतगाजत परतली. पुढच्याच महिन्यात पॅरिसमध्ये अमेरिकन लीजनची पायाभरणी झाली. आणि ९ मेला बॉस्टनमध्ये बँडमधल्याच एका ड्रमरने केलेल्या चाकूहल्ल्यात युरोप गेला. दक्षिणेत कृष्णवर्णीय माजी सैनिकांना लीजनच्या शाखाही वेगळ्या काढाव्या लागल्या, ते आणखी पुढचं.

शुद्धतावादी म्हणतील, तो जॅझ नव्हता, त्याआधीचं रॅगटाइम होतं. असेल. पण पंगतीत नाव घ्यायला कुंडली कशाला जुळवायची? आपल्याकडेही तेच. सी. रामचंद्रांच्या गाण्यांवर आपण डोलतो, त्यातला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट म्हणजे गोव्याचा आंतोनियो झेवियर वाझ, हे किती जणांना ठाऊक असतं?

मागच्या वेळी मध्यंतरात बँडलीडरला गाठलंच. बिचारा चिडला नाही. ट्यूबावाल्या काकांनी मात्र लगेच चष्मा लावून फोन काढला, म्हणाले, ऐकव. युरोपच्या बँडची १९१९ची रेकॉर्डिंग्ज इंटरनेटवर फुकट आहेत, खरखर खूप आहे, पण तुम्हीही ऐका. ट्रॉम्बोनवाले काय सूर घसरवत नेतात, बापरे!