मागच्या दारच्या दोन खोल्या

परवा कॉलनीच्या मीटिंगमध्ये मला नीट बोलता आलं नाही. म्हणून इथे लिहितेय.

आमची वस्ती रत्नागिरीत, थिबा पॅलेसच्या बाजूला. सगळे बंगलेच. कोपऱ्यावरच्या काकांची मुलं पुण्यात. एवढं घर आता त्यांना सांभाळवत नाही, पण विकायचंही नाही. तळमजला आणि वर दोन मजले बांधून खाली स्वतः राहायचं, वरचे चार वन-आरके भाड्याने द्यायचे, असं त्यांनी ठरवलंय. त्यावर चार-पाच जण एकदम म्हणाले, "भाडेकरू आले की कॉलनीची रया गेली!"

मला फार लागलं ते.

१९९६ साली शाळेत नोकरी लागली तेव्हा मी याच भागात एका घराच्या मागच्या दारी दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. विहीर सामाईक. पहिल्याच पावसात कौलं गळायला लागली, तर घरमालकीणबाईंनी माझी ट्रंक उचलून स्वतःच्या माजघरात नेली. माझी लेक त्यांच्या पडवीत रांगायला शिकली. आज नव्याने आलेल्या शिक्षिकेला इथे तशा खोल्या शोधून सापडणार नाहीत.

आमच्या गल्लीतच पाच बंगले वर्षभर बंद असतात. आणि सिव्हिलमधली माझ्या ओळखीची नर्स रात्रपाळी करून शहराबाहेर कुवारबावला जाते.

कोकणात जातीप्रमाणे वाड्या वेगळ्या होत्या. याच शहरात १९३१ मध्ये सगळ्यांसाठी पतितपावन मंदिर उघडलं. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय सरकारने २०२० मध्ये घेतला. आता आपण घराच्या आकारावरून नव्या वाड्या पाडायच्या का?

पाण्याची काळजी मात्र खरी आहे. जांभा सच्छिद्र, शोषखड्ड्यातलं पाणी विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. तेव्हा सांडपाण्याची पक्की सोय आणि पागोळ्यांचं पाणी साठवायची टाकी, या अटी काकांना जरूर घाला. मीही घालेन. पण भाडेकरू नकोत, ही अट कशी असू शकते?

दहा लाखांवरच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर २० टक्के जागा लहान घरांसाठी ठेवावी लागते. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर जेमतेम ७६ हजारांचं, त्यामुळे इथे ती सक्ती नाही. इथे शेजाऱ्यांनीच जागा करून द्यायची.

रविवारी पुन्हा मीटिंग आहे. मी काकांच्या शेजारी बसणार आहे. आमच्या गॅरेजवर एक खोली काढायचं घरात ठरलंय, तेही तिथेच सांगेन. त्या नर्सला आधीच विचारलंय. तिने फक्त एवढंच विचारलं, "आईला आणलं तर चालेल ना?"