साडेसहा तासांची अमेरिका

अमेरिकेहून आल्यावर माणसाला जेट लॅग होतो म्हणतात. मला तो काकूंमुळे झाला.

खालच्या मजल्यावरच्या काकू बँकेत होत्या. दहा पैशांचा फरक निघाला तर अख्ख्या शाखेला रात्री घरी न सोडणाऱ्यांपैकी. मी बहिणीकडे न्यूयॉर्कजवळच्या एडिसनला जाऊन आलो, तर चॉकलेटांची पिशवी बाजूला ठेवून त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "किती तास लागले रे?"

"जाताना सोळा, येताना चौदा."

"निघालास कधी?"

"रात्री दीडला."

"आणि न्यूयॉर्कला उतरलास?"

"सकाळी आठला. त्याच दिवशी."

"मग साडेसहा झाले. सोळा कुठून आणलेस?"

मी म्हटलं, काकू, मे महिन्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. काकू म्हणाल्या, "त्यांचं घड्याळ मागे पडलंय, त्याचा भुर्दंड आपण का सोसायचा?"

मुंबई-न्यूयॉर्क अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. ते साडेसहा तासांत कापायचं तर ताशी १,९०० चा वेग हवा. एवढा वेग प्रवासी विमानांत कॉन्कॉर्डला होता, पण ते २००३ सालीच बंद झालं. "मीही त्याच वर्षी रिटायर झाले," काकू म्हणाल्या. त्यांच्या मते दोन्हींचा काहीतरी संबंध असावा.

माझे सोळा तास मात्र खरे होते हो! मधली सीट. डावीकडचे गृहस्थ माझ्या खांद्यावर घोरत होते आणि उजवीकडच्या बाईंनी हाताच्या दांडीवर कुळकायदा लावला होता. समोरच्या पडद्यावरचं चिमुकलं विमान अमेरिका सोडून उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघालेलं. (पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, जवळची वाट तिकडूनच जाते. पण हे रात्री तीन वाजता मधल्या सीटवर पटत नाही.) 'उरलेला वेळ ९ तास ४० मिनिटं' वाचून मी डोळे मिटले, भरपूर झोपलो, दचकून उठलो. ९ तास ३१ मिनिटं.

आणि त्याआधीचं खंडाळा घाटातलं काकूंना सांगितलंच नाही. पुण्यातून संध्याकाळी पाचला निघालो होतो. एका ट्रकच्या मागे 'पुन्हा भेटू' लिहिलेलं होतं; तो दीड तास भेटतच होता.

"बरं, येताना?" काकूंनी चष्मा पुसला.

"दुपारी बाराला निघालो, दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई."

"साडेतेवीस तास!"

"नाही हो, उलट येताना लवकर होतं. एवढ्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, तो पाठीमागून ढकलतो."

"ढकलून साडेतेवीस?"

मी हरलो. काकूंनी दुधाच्या हिशेबाची वही उलटी धरून मागच्या पानावर आकडे मांडले. माझे सोळा आणि चौदा, तीस. त्यांचे साडेसहा आणि साडेतेवीस, तीस. त्यांनी खाली दोन रेघा मारल्या.

"ताळा जमला," काकू म्हणाल्या. "तुझ्या नोंदी तेवढ्या चुकीच्या खात्यात पडल्यात."