‘सुपरस्टिशन’ हा शब्द गोव्यात घडलेला नाही

गोव्यात सध्या मोबाईलवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: इंग्रजी ‘सुपरस्टिशन’ (अंधश्रद्धा) हा शब्द पोर्तुगीजांनी हिंदूंना हिणवण्यासाठी इथे घडवला, तो मुळात संस्कृत ‘स्थिती’वरून उचलला, आणि त्याचा अर्थ ‘श्रद्धा’ एवढाच. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

‘पोर्तुगीजांनी घडवला’ हे तारखांपुढेच टिकत नाही. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतला 1510 मध्ये. मूळचा लॅटिन शब्द ‘सुपरस्टिटिओ’ रोमन लेखक सिसरोच्या लिखाणात इ.स.पू. पहिल्या शतकात आहे. इंग्रज कवी चॉसर 1400 मध्ये वारला. त्याच्या काव्यात ‘सुपरस्टिशस’ सापडतो. आणखी एक गोष्ट तर मजकूर लिहिणाऱ्याने जरूर वाचावी. इ.स. 112 च्या सुमारास प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्राजानला पत्र लिहितो आणि हाच शब्द ख्रिस्ती पंथाला लावतो. इतिहासकार टॅसिटसही तेच करतो. शतकांनंतर तोच शब्द पोर्तुगीज पाद्रींच्या तोंडी आला. 1560 मध्ये इथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारे ख्रिस्ती धर्मन्यायालय, बसले. 1736 च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांना दारात तुळस लावण्याची, धोतर-चोळी नेसण्याची, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवण्याचीही बंदी केली. त्याचा राग रास्तच आहे. पण शब्द पोर्तुगीजांना आयता मिळाला होता.

‘स्थितीवरून उचलला’ यात अर्धे खरे आहे, म्हणून ते पटकन पटते. लॅटिन ‘सुपर’ आणि संस्कृत ‘उपरि’, लॅटिन ‘स्तारे’ म्हणजे उभे राहणे आणि संस्कृत ‘स्था’ या जोड्या एकाच आदिभाषेतून आल्या आहेत. ही भावंडे आहेत, मायलेकी नव्हेत. ‘स्तारे’चा लॅटिनमध्ये स्वतःचा मोठा गोतावळा आहे, उसना शब्द एवढे नातलग बरोबर आणत नाही.

‘वर उभे राहणे’ यातून आजचा अर्थ कसा निघाला, यावर पंडितांत एकमत नाही. सिसरो सांगतो, मुले आपल्यामागे जगावीत म्हणून दिवसभर प्रार्थना-बळी करत बसणाऱ्यांना हे नाव पडले. ‘सुपरस्टेस’ म्हणजे मागे उरलेला. ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही. अर्थाचा रोख मात्र त्यातून कळतो: देवाचे भय आणि विधी प्रमाणाबाहेर गेलेले. उचित उपासनेला रोमनांचा वेगळा शब्द होता, ‘रेलिगिओ’.

म्हणूनच ‘श्रद्धा’ हा अर्थ चालत नाही. राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, रोट (जाड भाकरी) देण्याच्या प्रथेवर इंग्रजीत लिहिताना ‘बिलीफ’ लिहावे. ‘सुपरस्टिशन’ लिहिले की वर्णनाआधीच निवाडा होतो.