‘ओव्हरीचा कॅन्सर कळतच नाही, दरवर्षी सीए-१२५ करा’ या फॉरवर्डला उत्तर

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय: ओव्हरीचा (अंडाशयाचा) कॅन्सर सायलेंट किलर आहे, शेवटच्या स्टेजपर्यंत लक्षणंच नसतात, म्हणून प्रत्येकीने दरवर्षी सीए-१२५ (रक्तातलं एक प्रोटीन) ची ब्लड टेस्ट करा, ३५ च्या खाली आलं की निर्धास्त, वर गेलं की कॅन्सर, आणि पाळी गेलेल्यांना काळजीच नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ईमेलवर असाच मेसेज फिरायचा. पाठवणारे चांगल्या मनानेच पाठवतात, पण अशा मेसेजमुळे बायकांचे महिने वाया जातात म्हणून लिहितेय.

लक्षणं नसतात? असतात हो. पोट सतत फुगलेलं राहणं, पोटात किंवा ओटीपोटात दुखणं, चार घासांत पोट भरणं आणि लघवीला सारखं किंवा घाईने जावं लागणं. पण आपल्याकडे हे सगळं गॅस आणि ॲसिडिटीच्या खात्यात जातं. बाई अर्धी भाकरी ठेवून उठते, परकराची नाडी दर थोड्या दिवसांनी सैल बांधावी लागते, चेहरा आणि दंड मात्र उतरलेले, आणि घरचे म्हणतात वजन वाढलंय तुझं, ओवा खा. मेडिकलमधून गोळी येते, अजून एक महिना जातो.

मग साधा गॅस कुठला आणि हे कुठलं? दोन गोष्टी बघा, त्रास नवीन आहे का आणि किती दिवस होतो. गॅस येतो-जातो. हा त्रास गेल्या वर्षभरात सुरू झालेला असतो आणि महिन्यात १२ पेक्षा जास्त दिवस होतो. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आपण दुधाचा खाडा लिहितोच ना, तिथेच पोट फुगलं त्या दिवशी फुली मारा आणि महिन्याने ते पान घेऊनच डॉक्टरकडे जा, "कधीकधी होतं" म्हणण्यापेक्षा ते फार उपयोगी पडतं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कोणी आयबीएस (आतड्यांचा पोट बिघडवणारा जुनाट त्रास) म्हणालं तर ओव्हरी तपासल्या का हे विचाराच, त्या वयात आयबीएस सहसा नव्याने सुरू होत नाही.

आता सीए-१२५. सुरुवातीच्या स्टेजला जवळजवळ निम्म्या जणींमध्ये ते वाढलेलंच नसतं, म्हणजे नॉर्मल रिपोर्ट बघून निर्धास्त होणं धोक्याचं. उलट एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), पाळीचे दिवस, गरोदरपण, यातही ते वाढतं, आणि पोटाच्या टीबीत तर पोटात पाणी आणि सीए-१२५ दोन्ही वाढतात, आपल्या देशात हे विसरून चालणारच नाही. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या २ लाखांहून जास्त बायकांवर मोठी ट्रायल झाली, २०२१ मध्ये निकाल आला: काही त्रास नसताना दरवर्षी टेस्ट किंवा सोनोग्राफी करून मृत्यू कमी झाले नाहीत. टेस्ट वाईट नाहीये, ती त्रास असणाऱ्या बाईसाठी आहे, सोबत सोनोग्राफी, आणि दोन्ही नॉर्मल येऊनही त्रास थांबला नाही तर परत जायचं, लाजायचं नाही.

पाळी गेलेल्यांना काळजी नाही हे तर साफ उलटं आहे, वयाबरोबर धोका वाढतो. तरुण मुलींनाही होतो पण कमी, आणि पीसीओडी (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) म्हणजे कॅन्सर नव्हे.

कोणीतरी खाली लिहिलंय "माझं पॅप स्मिअर क्लिअर आहे". पॅप स्मिअर गर्भाशयाच्या मुखासाठी असते, ओव्हरीबद्दल ती काहीच सांगत नाही. एचपीव्ही या व्हायरसवरची लसही मुख्यतः तिथल्याच कॅन्सरसाठी. ती घ्याच, पण ओव्हरीचं प्रकरण वेगळं.

आणि ज्यांनी खरंच आधीपासून सावध राहायला हवं त्यांचा त्या मेसेजमध्ये उल्लेखच नाही. आई, बहीण, मावशीला ओव्हरीचा किंवा कमी वयात ब्रेस्टचा कॅन्सर झालाय अशा बायका. आत्या आणि वडिलांची आई पण मोजा, बीआरसीए जीनमधला दोष (यानेच ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढतो) वडिलांकडूनही येतो. यातल्याच बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर ओव्हरीच्या कॅन्सरचा आयुष्यभरातला धोका साधारण ४० टक्के, इतरांना तो १ टक्क्याच्या आसपास. अशा घरातल्या बाईने त्रास सुरू व्हायची वाट न बघता जेनेटिक काउन्सेलिंग (घराण्यातून येणाऱ्या धोक्याबद्दल तज्ज्ञांचा सल्ला) करून घ्यावं, मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ती सोय आहे.