‘डिफ-लॉक नाही, म्हणजे ती फोर-बाय-फोरच नाही’ : या दाव्याला उत्तर

थार, जिम्नी किंवा गुरखा घ्यायचा विचार चालू आहे असं ग्रुपवर नुसतं सांगून बघा, एक ठरावीक मजकूर हमखास येतो. त्यात चार गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. मागचा डिफरन्शियल लॉक (डिफरन्शियल म्हणजे वळणावर डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, आणि लॉक म्हणजे ती जखडून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) नसेल तर फोर-बाय-फोर फक्त नावाची. ब्रेकवर चालणारं लॉक म्हणजे ग्राहकाच्या डोळ्यांत धूळफेक. लॉक लावला की पावसात आणि घाटात गाडी जास्त पकड धरते. आणि कंपनीने दिला नसेल तर बाहेरून ऑटो-लॉकर बसवा, रोजच्या वापरात काही कळतही नाही. यातली पहिली गोष्ट निम्मी खरी आहे, दुसरी चूक आहे आणि उरलेल्या दोन्ही धोक्याच्या आहेत. लोक हे वाचून लाखो रुपयांचे निर्णय घेतात, म्हणून एकेक मुद्दा नीट बघू.

पहिल्या दाव्यात तथ्य आहे ते असं. साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देतो. एक चाक हवेत लटकलं की ते फिरवायला जोर लागतच नाही, त्यामुळे जमिनीवरच्या चाकालाही जवळपास काहीच मिळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक फोर-बाय-फोर गाड्यांत ४-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सावकाश, ताकदीच्या गिअरमध्ये) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो, पण डावं-उजवं चाक मोकळंच असतं. ओढ्याच्या काठावरून गाडी तिरकी वर घेताना पुढचं एक आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातलं मागचं एक चाक उचललं, की गाडी जागच्या जागी घरघरते. मागचा लॉक लागला की जमिनीवरच्या मागच्या चाकाला जोर मिळतो आणि गाडी निघते. चढावर वजनही मागे येतं, म्हणून एकच लॉक घ्यायचा तर मागचाच. पुढचा लावल्यावर स्टिअरिंग किती जड होतं ते गुरखा चालवणाऱ्यांना विचारा.

पण रोजच्या गाडीवर ही वेळ कितीदा येते? शेताची वाट, धरणाच्या मागचा कच्चा रस्ता, पावसाळ्यात गावाकडचा चिखल, इथे चारही चाकं जमिनीवरच असतात. गाडी अडते ती पकड नसल्यामुळे. मराठवाड्यातली ओली काळी माती बघा. हायवे टायरच्या खाचा दहा-वीस पावलांत लिंपून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. अशा टायरला लॉक लावला तर आधी एक चाक फिरत होतं, आता दोन फिरतील. मऊ वाळूत तर दोन्ही चाकं सारखीच खाली जातात आणि अ‍ॅक्सल वाळूवर टेकतो. तिथे उपयोगी पडतात ते चांगले ऑल-टेरेन टायर आणि कमी केलेली हवा : रस्त्यावर तीस-बत्तीस पीएसआय असेल तर चिखला-वाळूत अठरा-वीस, आणि परत डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा भरायची. बजेट तोकडं असेल तर पैसे आधी टायर आणि हवेच्या पंपावर घाला, लॉकवर नंतर.

आता ब्रेकवरचं लॉक. जिम्नीत हेच आहे, थारच्या काही प्रकारांतही आहे. लटकलेल्या चाकाला सिस्टिम स्वतः ब्रेक लावते. ओपन डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखा जोर देतो म्हटलं ना, मग लटकलेल्या चाकावर ब्रेकने जितका अडथळा उभा केला तितकाच जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. डिफरन्शियलचा जो गुण गाडी अडवतो, त्याचाच इथे उपयोग करून घेतलेला आहे. यात फसवणूक कसली?

गफलत होते ती चालवताना. चाक फिरायला लागतं, ब्रेकच्या पंपाचा कर्रर्र आवाज येतो, आणि नेमक्या त्याच क्षणी घाबरून माणूस अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. सिस्टिमला काम करायला वेळच मिळत नाही आणि ‘हे चालत नाही’ असा शिक्का बसतो. ४-लो, पहिला गिअर, पाय एका जागी स्थिर ठेवून एक-दोन सेकंद थांबायचं, इतकंच करायचं असतं. सुमारे १,२०० किलोची जिम्नी अशी भरवशाने वर येते. या पद्धतीला मर्यादा आहेत हे मान्य : चाक आधी थोडं घसरावंच लागतं, आणि लांबलचक दगडी चढावर ब्रेक तापतात. दर शनिवार-रविवारी दगडांतच जाणाऱ्याला खरा लॉक हवा. बाकीच्यांना हे पुरतं.

तिसरा दावा मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, कारण त्यात माणसं जखमी होऊ शकतात. मागच्या दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरा. ९० अंशांच्या एका वळणावर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे २.३५ मीटर जास्त धावतं. लॉक लावला की दोघांनाही सारखंच फिरावं लागतं, म्हणजे हा फरक कुठलं तरी एक चाक घसरूनच भरून काढणार. ओल्या घाटात तुम्ही स्टिअरिंग वळवता आणि गाडी सरळ कठड्याकडे ओढते ती यामुळे. बऱ्याच गाड्यांत लॉक लावला की ईएसपीही, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणाही, बंद होते. कडेला उतार असलेल्या निसरड्या वाटेवर आणखी वाईट : लॉक नसताना घसरणारं चाक एकच असतं, दुसरं गाडीचं शेपूट धरून ठेवतं. लॉक असेल तर दोन्ही एकदम सुटतात आणि मागचा भाग उताराकडे जातो. डांबरावर लॉक लावायचाच नाही, पाऊस असो वा नसो.

म्हणूनच चौथा सल्ला पटत नाही. बाजारात मिळणारे बरेच ऑटो-लॉकर एरवी लॉकच असतात आणि वळणावर तेवढे सुटतात. ओल्या चौकात वळता वळता अ‍ॅक्सिलरेटर कमी-जास्त केला की खटकन आवाज होतो आणि गाडी बाजूला झोल खाते. घरातलं दुसरं कोणी ती गाडी चालवत असेल तर त्याला हे कळणारही नाही. शिवाय एक चाक हवेत असताना अ‍ॅक्सलचा सगळा जोर एकट्या हाफ-शाफ्टवर, म्हणजे डिफरन्शियलपासून जमिनीवरच्या चाकापर्यंतच्या दांड्यावर येतो. ओपन डिफरन्शियलमध्ये तो निम्म्याच्या वर जात नाही. त्यात मोठे टायर घातलेले असतील तर शाफ्ट तुटून गाडी जंगलात अडकते, आणि त्या भागाची वॉरंटीही हातची जाते.

कंपनीकडून येणारा मेकॅनिकल लॉक याहून वेगळा, दोघांची गल्लत करू नका. २०१५ च्या थारपासून आपल्याकडे ओळखीचा झालेला ईटन या कंपनीचा लॉक मुळात १९७३ पासून अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांत बसत आला आहे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं उघडून अडकतात आणि क्लच-प्लेटा दाबल्या जाऊन अ‍ॅक्सल लॉक होतो. ताशी साधारण ३० किलोमीटरच्या वर तो लागतच नाही, त्यामुळे हायवेवर त्रास नाही. उणीव एकच : कधी लागायचं ते तो ठरवतो, तुम्ही नाही.

रोजच्या गाडीसाठी माझी पसंती म्हणूनच ड्रायव्हरच्या हातात असलेल्या लॉकला आहे : गुरखाचे लिव्हर, किंवा थार रॉक्सच्या वरच्या फोर-बाय-फोर प्रकारांतलं बटण. त्यानंतर ब्रेकवरचं लॉक किंवा ईटनसारखा कंपनीचा मेकॅनिकल लॉक, यांतलं तुमच्या बजेटात बसेल ते. बाहेरून टाकलेला ऑटो-लॉकर रोजच्या गाडीत नको.

हातातला लॉक अडथळ्याच्या आधीच लावा, चाक जोरात फिरत असताना नाही. पलीकडे गेलात की काढा. डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवा विझत नसेल तर अ‍ॅक्सल पीळ धरून बसलेला असतो. स्टिअरिंग सरळ करून दोन हात मागे-पुढे घ्या, सुटतो. जुनी थार बघायला गेलात तर मागच्या डिफरन्शियलचं ऑईल कधी आणि कुठलं बदललं तेही विचारा. मेकॅनिकल लॉकच्या क्लच-प्लेटांना कंपनीने सांगितलेलंच ऑईल लागतं, आणि ते काम बहुतेक मालकांकडून राहून गेलेलं असतं.