"मांजर कधीच प्रेम करत नाही, शास्त्राने सिद्ध"? कुठल्या शास्त्राने?

एक फॉरवर्ड फिरतोय सध्या, फॅमिली ग्रुपवर तुमच्याकडेही आला असेलच. वर ठळक अक्षरात "मांजर कधीच तुमच्यावर प्रेम करत नाही, शास्त्राने सिद्ध झालंय" आणि खाली मुद्दे. मांजराला माणूस नाही घर प्यारं असतं. पायात येतं ते फक्त खायला हवं म्हणून. अंगाला घासतं म्हणजे तुमच्यावर मालकीचा शिक्का मारतं. घुरघुर म्हणजे बाळाच्या रडण्याची नक्कल करून तुम्हाला गंडवणं. हाक मारली तरी येत नाही कारण ते तुम्हाला ओळखतच नाही. तुमच्याकडे बघून डोळे मिटतं तो माज, आणि पोटाला हात लावला की चावतं तो कृतघ्नपणा. शेवटी मालक मेला तर सगळ्यात आधी मांजरच त्याला खाईल. आणि मग हात जोडलेला इमोजी, "कुत्रा पाळा, माणुसकी जपा". कुत्रा पाळून माणुसकी कशी जपतात ते मला विचारू नका.

जुन्या लोकांचं एक वेळ ठीक आहे. कुत्रा म्हणतो धन्याचं घर भरलेलं राहू दे, आणि मांजर म्हणतं घरातले सगळे आंधळे होऊ देत म्हणजे मला निवांत दूध पिता येईल, हे आपण लहानपणापासून ऐकलंय आणि त्यात गंमत तरी आहे. पण "शास्त्राने सिद्ध" म्हटलं की मग कुणी, कधी, किती मांजरांवर हे विचारणार ना माणूस.

तर घरावरच्या प्रेमाचा मुद्दा आधी. हा बहुतेक इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासावरून उचललाय. त्यात २० मांजरं होती. लहान बाळांसाठी जी टेस्ट वापरतात तिच्यात थोडे बदल करून, म्हणजे अनोळखी खोलीत मालक आहे, मग नाही, मग परका माणूस आहे, असं करून मांजर काय करतं ते बघितलं. मालक गेल्यावर मांजरं जास्त ओरडली खरी, पण आधारासाठी मालकाला धरून राहतात असं बाकी काही दिसलं नाही. बस, निष्कर्ष एवढाच, की मोठं मांजर स्वतःच्या सुरक्षिततेसाठी मालकावर अवलंबून दिसत नाही. प्रेम नाही, जिव्हाळा नाही, असं त्या लोकांनी म्हटलेलंच नाहीये. आता मला सांगा, तुमचा तिशीतला मुलगा तुम्ही खोलीबाहेर गेल्यावर रडत नाही म्हणून त्याचं तुमच्यावर प्रेम नाही असं म्हणाल का?

शिवाय गोष्ट तिथे संपलेली नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या क्रिस्टिन व्हिटाले आणि त्यांच्या टीमने ७० पिल्लांवर हाच प्रकार वेगळ्या पद्धतीने केला. दोन मिनिटं मालकासोबत, दोन मिनिटं एकटं, मग परत दोन मिनिटं मालक. साधारण ६४ टक्के पिल्लं "सुरक्षित" गटात आली, मोठ्या मांजरांतही जवळपास तेवढीच, आणि माणसाच्या बाळांमध्येही आकडा पासष्टच्याच आसपास असतो. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सुरक्षित मांजर ओळखायचं कसं, तर मालक परत आला की ते येतं, भेटतं, आणि मग आपलं परत खोली हुंगत फिरायला लागतं. जे मालकाला चिकटून बसतं, मांडीवरून हलतच नाही, किंवा कोपऱ्यात तोंड घालून टाळतं, ते असुरक्षित. म्हणजे तुम्ही ऑफिसातून आल्यावर मनी दारापर्यंत येऊन, पायाला एकदा घासून, लगेच बाल्कनीत निघून गेली तर "बघा, काही पडलेलं नाही हिला" असं जे आपण म्हणतो ना, ते नेमकं उलटं आहे.

घराची ओढ मात्र खरी आहे, ती कोण नाकारतंय. घर बदललं की मांजर जुन्या जागी पळून जायला बघतं, म्हणून नव्या घरी आधी थोडे दिवस एका खोलीत ठेवायचं, जुनी न धुतलेली चादर द्यायची, हे मांजरवाल्यांना पाठ असतं. पण घर आवडतं म्हणजे माणूस आवडत नाही हे लॉजिक कुठून आलं?

आता खाणं. हा मुद्दा सगळ्यांना पटतो कारण दिसतोच तसा. आमच्याकडे सासूबाई विळी घेऊन बोंबील साफ करायला बसल्या की आमची मनी तिथे अशी बसते जणू तिचंच ऑफिस आहे, शेपूट पायाभोवती गुंडाळून, डोळे विळीवर, आणि तोंडातून तो बारीक, तुटका म्यांव. खाणं दिलं, वाटी चाटून झाली, की सासूबाईंकडे ढुंकून बघत नाही. जाते कुठे तर सासऱ्यांकडे. ज्यांनी तिला आजवर एक काटा घातलेला नाही, जे "हट् हट्" करतात, त्यांच्या पोटावर चढते, पेपरच्या खालून घुसते, लेंग्यावर कणीक मळल्यासारखे पुढचे पाय एकाआड एक दाबत बसते आणि मग झोपते. लेंग्याचे धागे निघालेत सगळे. नुसतं खाण्यासाठी असतं तर हिशोब जुळत नाही. हे पाय दाबणं पिल्लू दूध पिताना आईच्या पोटावर करतं, मोठेपणी ते आपल्यावर करतात.

माझ्या घरचं सोडा. याच ओरेगनच्या लोकांनी २०१७ मध्ये मांजरांना चार प्रकारच्या गोष्टी देऊन बघितल्या, खाणं, खेळणं, वास आणि माणसाचा सहवास. आधी काही तास यातलं काहीच दिलं नव्हतं. घरातली मांजरं होती आणि शेल्टरमधलीही. निम्म्या मांजरांनी माणूस निवडला, खाणं निवडणारी होती ३७ टक्के. म्हणजे खादाड असतातच, एकतृतीयांशाहून जास्त आहेत, पण निम्मी नाहीत.

"अंगाला घासणं म्हणजे मालकीचा शिक्का" हे अर्धं खरं आहे म्हणून जास्त डेंजर. मांजराच्या गालात, हनुवटीत, कपाळावर, शेपटीच्या मुळाशी गंध सोडणाऱ्या ग्रंथी असतात, आणि टेबलाच्या पायाला घासतं तेव्हा ते आपल्या इलाख्यावर वासच लावत असतं. पण मांजरं एकमेकांनाही घासतात, आणि सगळ्यांना नाही, ज्यांच्याशी पटतं त्यांनाच. शेपूट उभी करून येतात, डोक्याला डोकं, मग कुशीला कूस. पिल्लू आईकडे असंच शेपूट वर करून जातं. या घासण्यातून सगळ्यांचा मिळून एक वास तयार होतो आणि त्या वासावरून "हा आपल्यातला" हे ठरतं. खात्री करायची असेल तर दोन मांजरं असलेल्या कुणाच्याही घरी विचारा, एकाला डॉक्टरकडे नेऊन आणलं की दुसरं त्याच्यावर फिस्कारतं, काल एका टोपलीत झोपणारी ही दोघं आज ओळख दाखवत नाहीत, कारण दवाखान्याचा वास आलाय अंगाला. थोड्या वेळाने घासाघासी झाली की परत दोस्ती. तर तुम्ही दारात चप्पल काढताय आणि ते शेपूट उभी करून पायाला घासतंय म्हणजे तुम्हाला परत घरच्यांत घेतलं जातंय. शिक्का म्हणायचाच असेल तर म्हणा बापडे, पण तो रेशनकार्डावर नाव चढवल्याचा शिक्का आहे.

घुरघुर. इथे फॉरवर्डवाल्याने खऱ्या संशोधनाची वाट लावलीय. ससेक्स विद्यापीठाच्या कॅरेन मॅकॉम्ब यांचा २००९ चा पेपर आहे, दहा मांजरांच्या घुरघुरीची रेकॉर्डिंग्ज. खाणं मागताना काही मांजरांच्या घुरघुरीत एक उंच स्वर मिसळतो, तो बाळाच्या रडण्याच्या पट्ट्यातला असतो, आणि ऐकणाऱ्या लोकांना तो जास्त निकडीचा वाटला, मांजर न पाळणाऱ्यांनासुद्धा. पण त्याच मांजरांच्या निवांत असतानाच्या घुरघुरीत तो स्वर तितका नव्हता! म्हणजे मागणीची घुरघुर वेगळी आणि मांडीवरची वेगळी हेच तर त्या पेपरमध्ये आहे, आणि हा बाबा म्हणतोय सगळीच फसवणूक.

याच्या उलट दुसऱ्या टोकाची माणसंही आहेत, आणि त्यांचा मला जास्त राग येतो कारण त्यात मांजराचा जीव जातो. घुरघुरतंय म्हणजे खूश आहे, असं धरून बसतात. मांजर दुखत असतानाही घुरघुरतं, आजारी असताना, डॉक्टरच्या टेबलावरसुद्धा. घुरघुरतंय पण कोपऱ्यात बसलंय, पलंगाखालून निघत नाही, दिवसभर खाल्लेलं नाही, तर लाड करत बसू नका, उचला आणि डॉक्टरकडे न्या. मांजराने एक-दोन दिवस खाणं सोडलं की लिव्हरमध्ये चरबी साठायला लागू शकते, जाडं असेल तर जास्तच, आणि मग प्रकरण हाताबाहेर जातं.

हाकेचं तर टोकियो विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ मध्येच दाखवलंय. मांजरांच्या घरी जाऊन परक्या लोकांच्या हाका ऐकवल्या, मध्येच मालकाची. मालकाच्या आवाजाला कान आणि मान जास्त वळली, पण उठून येणारं मात्र जवळपास कुणी नव्हतं! २०१९ मध्ये त्यांच्यातल्याच अत्सुको साइतो यांनी पुढे दाखवलं की स्वतःचं नावही इतर शब्दांमधून त्यांना वेगळं कळतं. तेव्हा ओळखतं, ऐकतं, आणि येत नाही, या तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. कुत्र्याला हाकेला ओ देणारा म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या निवडत आलो, राखणीला, शिकारीला, मेंढरांमागे. मांजर धान्याच्या कोठारातल्या उंदरांमागून आलं आणि राहिलं, त्याला हाक मारून कामाला कुणी लावलंच नाही. उद्या तुम्ही त्याचा इंटरव्ह्यू कुत्र्याच्या प्रश्नपत्रिकेवर घेतला तर नापास होणारच.

डोळे मिटणं हा माज नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं ते सोडा, ते वेगळं. लांबून तुमच्याकडे बघत अर्धवट मिटून परत उघडणं, सावकाश, हे सैलपणाचं लक्षण आहे. ससेक्स आणि पोर्ट्समथच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासलं, मालकाने सावकाश पापण्या मिटल्या की मांजरंही तसं जास्त करत होती, आणि अनोळखी माणसानेही तसं केल्यावर त्याच्या हाताजवळ जास्त येत होती. आज रात्री करून बघा. टक लावून बघू नका फक्त, रोखून बघणं म्हणजे त्यांच्यात दमदाटी.

पोटाचं दोन ओळीत. उताणं पडून पोट दाखवणं म्हणजे तुमच्यासमोर मी निर्धास्त आहे, "कुरवाळ" असं नाही. गाल, हनुवटी, कानाच्या बुडाशी हात फिरवा, शेपटीच्या मुळाशी आणि पोटाशी बऱ्याच जणांना आवडत नाही. शेपूट आपटायला लागली की हात काढा, चावायची वेळच येणार नाही.

आणि हो, उशीवर आणून ठेवलेली अर्धमेली पाल. मांजरप्रेमी ग्रुपवर ती "प्रेमाची भेट" असते. मला तसं वाटत नाही. शिकार सुरक्षित जागी आणायची सवय असते आणि तुमची उशी ही घरातली सगळ्यात सुरक्षित जागा आहे. तेवढ्यावर खूश व्हायचं असेल तर व्हा, पण उशीचा अभ्रा बदला.

राहिला मेलेल्या मालकाचा मुद्दा. बंद घरात माणूस मेला आणि जनावर अडकलं तर असं होतं, मांजरांकडून झाल्याच्याही नोंदी आहेत. पण फॉरेन्सिकच्या जर्नल्समध्ये कुत्र्यांच्या केसेस जास्त आहेत. १९९७ मध्ये बर्लिनमधून छापून आलेल्या केसमध्ये तर घरच्या कुत्र्याच्या वाटीत खाणं शिल्लक होतं. हा परिच्छेद कॉपी करून "माणुसकी जपा" वाल्या काकांना नक्की पाठवा, त्यांच्या डीपीत लॅब्राडोर आहे.