धागा विरघळला, मग गाल कशाच्या आधारावर?

व्हॉट्सअॅपवर आणि रील्समध्ये थ्रेड लिफ्टबद्दल (त्वचेखाली धागे घालून सैल गाल वर ओढायचा उपचार) एक दावा जोरात फिरतोय. पीडीओचे (पॉलिडायॉक्सॅनोन या विरघळणाऱ्या पदार्थाचे) धागे शरीर निमूट स्वीकारतं, काही प्रतिक्रिया येत नाही. सहा महिन्यांत ते विरघळतात, पण त्यांच्या जागी नवं कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) तयार होतं आणि चेहरा दोन-तीन वर्षं वर ओढलेला राहतो. शिवाय ऑपरेशनच्या टाक्यांना वापरतात तोच धागा, मग भीती कसली?

'प्रतिक्रिया येत नाही' म्हणता, तर कोलॅजन आलं कुठून? पायात मोडलेल्या काट्याभोवती शरीर जे करतं, तेच इथे सौम्यपणे होतं. धागा आत गेल्यावर काही मिनिटांत त्यावर रक्तातली प्रथिनं चिकटतात. मग न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्यामागून मॅक्रोफेज, म्हणजे परकं काही गिळून टाकणाऱ्या पेशी. धागा गिळता येत नाही म्हणून त्यातल्या काही एकमेकींत मिसळून राक्षसी पेशी बनतात. शेवटी फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या पेशी, धाग्याभोवती त्याचं आवरण विणतात. जाहिरातीतलं 'नवं कोलॅजन' ते हेच. सरळ मराठीत, व्रणाची ऊती. पीडीओ पाण्याने विघटित होतो, त्यामुळे जुन्या कॅटगटपेक्षा (जनावरांच्या आतड्यांपासून बनणाऱ्या टाक्यांच्या धाग्यापेक्षा) दाह कमी, हे मान्य. पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

आता हे आवरण गाल तोलून धरेल का? ते धाग्यालगतचं, पातळ असतं, आणि धागा बहुधा त्वचेखालच्या चरबीतून गेलेला असतो. फेसलिफ्टच्या शस्त्रक्रियेत सर्जन त्याखालचा 'स्मास' नावाचा थर (मिट्झ आणि पेरोनी यांनी 1976 मध्ये वर्णन केलेला) ओढून शिवतात आणि जादा त्वचा कापून टाकतात. धाग्याने यातलं काहीच होत नाही.

टाक्यांचा दाखला तर उलटाच पडतो. पीडीओचा धागा नाहीसा व्हायला सहा महिने लागतात, पण त्याची ताकद साधारण चार आठवड्यांतच निम्म्यावर येते. जखमेत तेवढं बहुतेक वेळा पुरतं, कारण तोवर दोन कडा बऱ्यापैकी सांधल्या जातात. गालात काही कापलेलंच नाही, तर सांधणार काय?

आणि न विरघळणारे धागे वापरूनही पाहिलेले आहेत! पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या काटेरी धाग्यांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की फायदा मर्यादित आणि थोड्या काळाचा, आणि तोही बहुतांशी सूज आणि दाहामुळे दिसणारा. धागा जागच्या जागी असूनही ओढ टिकली नाही. मग धागा गेल्यावर त्याच्या आवरणावर कसली भिस्त ठेवायची? (आधीचा-नंतरचा फोटो पाहताना नंतरचा कधी काढलाय ते विचारा. टेबलावरून उठल्या-उठल्या सगळेच टवटवीत दिसतात.)

'जास्त धागे, जास्त कोलॅजन' हेही ऐकू येतं. जास्त धागे म्हणजे जास्त टोचण्या, जास्त व्रण आणि जंतू शिरायला जास्त वाटा. हसताना गालावर खळगा पडणं, धाग्याचं टोक त्वचेतून बाहेर येणं, दोन्ही गाल वेगळे दिसणं, हे या उपचाराचे नोंदलेले त्रास आहेत. लाली, ठणका किंवा पू दिसला तर 'कोलॅजन बनतंय' असं पार्लरवाली म्हणाली तरी थांबू नका; त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन गाठा.